गडचिरोलीत युनिक्स

४ एप्रिल १९८८, सोमवार
आजपासून रोजनिशी. कोणाला दाखवायची नाही. तारखा पक्क्या असाव्यात, एवढ्यासाठीच.

ऑफिसात कंप्युटर येऊन दीड महिना झाला. वनगाव आरोग्य प्रकल्पात सांख्यिकी सहायक मी एकटा, म्हणजे कंप्युटर माझाच. आमचे साहेब डॉ. देवराव गेडाम त्याला हात लावत नाहीत. टायपिस्ट सलीमा लावते, पण फक्त टायपिंगपुरता. ती सध्या गावांची यादी भरते आहे. चारशे बारा गावं. कुठे तापाचे पेशंट किती, कुठपर्यंत जीप जाते, कुठून पुढे डोंगा. या यादीवरून पावसाआधी भामरागडकडे औषधं निघणार. एकदा पर्लकोटा नदी चढली की तिकडे साधी गोळीही पोचत नाही. काम महत्त्वाचं आहे, पण शेवटी टायपिंगच.

मला रस आहे तो कपाटातल्या सीलबंद खोक्यात. चौदा फ्लॉप्या, तीन जाड पुस्तकं. मशीन बसवायला नागपूरहून आलेला इंजिनिअर म्हणाला होता, हे युनिक्ससारखं काहीतरी आहे, मशीन चालवायची वेगळी सिस्टिम, मशीनबरोबर आलं, तुम्हाला गरज नाही, उघडू नका.

आमची गरज ठरवणारा हा कोण?

६ एप्रिल
खोका उघडला. पुस्तक पहिलं, पान तीन: एका मशीनवर एकाच वेळी अनेक माणसं काम करू शकतात. हे वाक्य तीनदा वाचलं. अंगावर काटा आला. सध्याच्या डॉस सिस्टिमवर एका वेळी एकच माणूस. म्हणजे बैलगाडी. आणि कपाटात रेल्वे बंद करून ठेवलेली!

घरी कांताला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "एका खाटेवर चार माणसं निजतेत जी, पण झोप कोणाले लागते?"

बायकोला टेक्निकल गोष्टी सांगू नयेत. संकल्प क्रमांक एक.

संकल्प क्रमांक दोन: मे संपायच्या आत ऑफिस युनिक्सवर. विदर्भात पहिलं. निदान वैनगंगेच्या अलीकडे तरी पहिलंच.

९ एप्रिल
कंप्युटर रूमचे नियम लावले. चपला बाहेर. विडी बाहेर. मोठ्यानं बोलणं बाहेर.

खिडक्यांतून ऊन येतं, ते मशीनला चांगलं नाही. आमचे शिपाई बापूराव यांना सांगितलं, काचांना कागद चिकटवा. त्यांनी विचारलं, कोणते? सलीमाच्या टेबलाखाली पिवळ्या कागदांचा गठ्ठा होता. गावोगावच्या आरोग्यसेविकांनी हातानं लिहून पाठवलेले तक्ते. त्यातलं सगळं टाइप होऊन मशीनमध्ये गेलेलं. म्हटलं, हे घ्या. सलीमा म्हणाली, "सर, राहू द्या ना. कधी काम पडलं तर?" मी म्हटलं, कागदाचा जमाना संपला.

बापूरावांनी मैद्याची खळ शिजवली आणि साहेबांच्या खोलीतलं स्टूल आणून दुपारपर्यंत पाचही खिडक्या बंद केल्या. खोलीत आता अंधार, कूलर आणि शांतता. बापूराव स्वतःच दुपारी तिथे पंचा पसरून पडले होते. म्हणाले, "मशीनवर लक्ष ठेवून राह्यलो."

१८ एप्रिल
सलीमाची यादी पूर्ण. तिनं पेढे आणले. मी एक खाल्ला आणि लगेच बॅकअप घेतला. (पुस्तकात बॅकअपवर अख्खा धडा आहे. वाचायचा आहे.) सगळी गावं एका फ्लॉपीवर मावली. फ्लॉपीवर लेबल चिकटवलं आणि बॉलपेननं दाबून लिहिलं: सर्व गावे, ४१२. खाली दोन रेघा मारल्या. सलीमा म्हणाली, लेबलवर आधी लिहायचं असतं सर, मग चिकटवायचं, दाबलं की आतली चकती खराब होते.

चार महिन्यांचा टायपिंग कोर्स केला की माणसाला काय काय कळायला लागतं!

फ्लॉपी शर्टाच्या खिशात. हृदयाजवळ.

२५ एप्रिल, सकाळी १०.४०
सुरुवात केली. फ्लॉपी एक. मशीन विचारतं: अख्खी डिस्क वापरू का? होय. अर्धवट काम माझ्या स्वभावात नाही. पुन्हा विचारतं: डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल, चालेल? होय. तिसऱ्यांदा विचारतं: नक्की? मशीनचा आत्मविश्वास कमी आहे. होय.

दुपारी २.१५
फ्लॉपी नऊ. लाइट गेली.

दुपारी ४.००
लाइट आली. फ्लॉपी एक.

२७ एप्रिल
झालं! पडद्यावर एक शब्द: लॉगिन. त्यापुढे काही नाही. कोणी किती साधं असावं!

या सिस्टिममध्ये सर्वांत मोठ्या अधिकाऱ्याला रूट म्हणतात. तो काहीही करू शकतो. कलेक्टरपेक्षाही जास्त, कारण त्याला वर मंत्रालय नाही. मी रूट झालो. मशीननं पासवर्ड मागितला. पुस्तक म्हणतं, कोणाला ओळखता येणार नाही असा ठेवा. खूप विचार केला. एटापल्ली ठेवलं. आमच्या जिल्ह्यातला तालुका, पण बसवर एक स्पेलिंग, पोस्टात दुसरं, पाटबंधारेवाल्यांच्या बोर्डावर तिसरंच. कोणाचा बाप ओळखणार नाही.

सलीमानं विचारलं, यादी परत कधी टाकायची? म्हटलं, आधी सिस्टिम स्थिर होऊ दे.

२८ एप्रिल
आज चमत्कार झाला. लॉगिन केलं आणि मशीन सगळं मोठ्या लिपीत बोलायला लागलं. एकूण एक अक्षर कॅपिटल! काल हे नव्हतं. रूट म्हणून आता मान द्यायला लागलं असावं. साहेबांना बोलावून दाखवलं. ते म्हणाले, "भैसारे, हे ओरडून काऊन राह्यलं?"

संध्याकाळी सलीमानं कॅप्स लॉकचं बटण दाबलेलं आहे असं दाखवलं. कॅपिटलमध्ये नाव दिलं की मशीनला वाटतं, समोरच्या टर्मिनलवर लहान अक्षरं नाहीतच. पुस्तकात लिहिलंय म्हणे. पुस्तक क्रमांक दोन तिनं घरी नेलं होतं. मला न विचारता. म्हणजे विचारलं होतं, मी ऐकलं नव्हतं.

१ मे, रविवार
बुद्धपौर्णिमा. सकाळी विहारात. भंतेजींनी फार छान समजावलं की 'मी' म्हणून धरून ठेवावं असं काही नसतंच, सगळं बदलतं. खीर घेऊन तसाच ऑफिसात गेलो. किल्ली माझ्याकडे असते. पुस्तकातला एक कमांड करून पाहिला: हू ॲम आय. मशीननं एका सेकंदात उत्तर दिलं: रूट.

भंतेजींना कळवायला पाहिजे.

४ मे
या सिस्टिमची एक सवय खटकते. काम केलं की सांगत नाही. फाइलची कॉपी करायला सांगितलं. गप्प. झाली का नाही? गप्प. पुन्हा सांगितलं. गप्प. डॉस निदान 'एक फाइल कॉपी झाली' असा रिपोर्ट तरी देत होता. सरकारी कामात केलेल्यापेक्षा सांगितलेल्याला महत्त्व असतं, हे परदेशी लोकांना कसं कळणार?

सलीमा म्हणते, चूक झाली तरच बोलते, बाकी गप्प राहते. "माझी अम्मी पण असीच आहे," म्हणाली.

एकच फाइल अकरा वेळा कॉपी झालेली निघाली.

९ मे
४५ डिग्री. लाइट तीनदा गेली. तिसऱ्यांदा आल्यावर मशीननं प्रश्न विचारायला सुरुवात केली. ही फाइल कोणाची नाही, ठेवू? हिचा बाप सापडत नाही, काढू? एकामागून एक, चाळीसेक प्रश्न. माझी एकवीस वर्षं नोकरी झाली. न समजलेल्या प्रश्नाला होय म्हणायचं नाही, एवढं शिकलो आहे. सगळ्यांना नाही म्हटलं. मशीन बंद पडलं.

पुन्हा चालू केलं. तेच प्रश्न. सगळ्यांना होय म्हटलं. चालू झालं. पण बऱ्याच फाइली आता हरवले-सापडले नावाच्या कप्प्यात आहेत. नावं गेली, नुसते नंबर उरले. ही मात्र उत्तम सोय. आमच्या रेकॉर्ड रूममध्येही असा कप्पा पाहिजे. प्रस्ताव तयार करणार.

१६ मे
ऐतिहासिक दिवस. सर्वांना खाती उघडून दिली. साहेब, सलीमा, बापूराव. चार माणसं, एक मशीन.

कीबोर्डही एकच आहे, ही बाब आधी लक्षात आली नव्हती. जोडायला जास्तीचं टर्मिनल, म्हणजे पडदा आणि कीबोर्ड, लागतं, ते नागपूरला मिळतं, खरेदीला मुंबईची मंजुरी लागते. तोपर्यंत पाळ्या लावल्या. साडेदहा ते साडेबारा मी, दोन ते चार मी. मधल्या वेळेत बाकीचे.

बापूरावांना पासवर्ड निवडायला सांगितला. कोणाला सांगायचा नाही, हेही सांगितलं. ते व्हरांड्यात जाऊन मोठ्यानं म्हणाले, "माह्या पासवर्ड पोपट हाये, कोणी इचारला तर सांगू नोका रे!"

साहेबांनी विचारलं, यादी टाकली का? म्हटलं, खिशात सुरक्षित आहे. साहेब म्हणाले, "खिशात नोका ठेवू, घामाचे दिवस हायेत."

२१ मे
पुस्तक म्हणतं, पासवर्ड अधूनमधून बदलावा. सुरक्षेचा माझा आग्रह सर्वांना माहीत आहे. बदलला. शब्द तोच, एटापल्ली, पण स्पेलिंग वेगळं केलं. डबल सुरक्षा.

२३ मे
स्पेलिंग आठवत नाही.

ई घातली होती की आय? की सुरुवातीला वाय? टी एक की दोन? टाइप करताना पासवर्ड पडद्यावर दिसत नाही, म्हणून डोळ्यांनाही आठवत नाही. तेवीस प्रकार करून पाहिले. सगळ्या बोर्डांची आठवण काढली. जेवणाच्या सुट्टीत एस. टी. स्टँडवर जाऊन बसची पाटी पाहून आलो. कंडक्टर म्हणाला, "बसा ना भाऊ, जागा हाये."

सलीमाला सांगितलं नाही. उगाच तिचा सिस्टिमवरचा विश्वास उडेल.

२५ मे
मार्ग सापडला. बापूरावांचा पासवर्ड मला (आणि सगळ्या गल्लीला) माहीत आहे. तूर्त मी मशीनमध्ये बापूराव म्हणून जातो. तांत्रिक बाब आहे. फरक पडत नाही.

दुपारी
फरक पडतो. काहीही सांगितलं की उत्तर येतं: परवानगी नाही. प्रिंटर? परवानगी नाही. साहेबांच्या फाइली? परवानगी नाही. स्वतः केलेल्या फाइली उघडायला गेलो तरी परवानगी नाही, कारण त्या रूटच्या आणि मी शिपाई. बापूरावांना विचारलं, तुम्हाला दिवसभर कोणी नाही म्हटलं की कसं वाटतं? ते म्हणाले, "चाय पिऊन येतो."

गेलो. चहा चांगला होता.

३० मे, सोमवार
आजचा दिवस लिहू नये असं वाटतं. पण तारखा पक्क्या असाव्यात, हे मीच लिहिलेलं आहे.

अकरा वाजता साहेब आले. औषधांची पेटारी बांधून झाली होती. म्हणाले, "भैसारे, यादी काढा. कोण्या गावाले किती क्लोरोक्विन, ते लिहून जीप चार दिवसांत सोडाची हाये." मी म्हटलं, सिस्टिम स्थिर होत आहे. ते म्हणाले, "मले सिस्टिम नाई पायजे, गावं पायजेत."

खिशातून फ्लॉपी काढली. सलीमानं जुन्या डॉसच्या फ्लॉपीवर मशीन चालू केलं, मग बॅकअपची फ्लॉपी घातली. मशीन कुरकुरलं. बराच वेळ कुरकुरलं. मग पडद्यावर: वाचता येत नाही. पुन्हा केलं. वाचता येत नाही. सलीमानं फ्लॉपी उजेडात धरली. मी दाबून लिहिलेलं 'सर्व गावे' आतल्या चकतीवर उमटलं होतं. दोन रेघांसकट.

कूलर तेवढा चालू होता. साहेब खुर्चीत बसले, डोळ्यांवर हात ठेवला. त्यांचं गाव भामरागडकडचंच, लाहेरीच्या पलीकडे. गेल्या पावसात त्यांची सख्खी मावशी तापानं गेली. औषध या ऑफिसात होतं आणि मध्ये नदी होती. हे मला आज सलीमानं सांगितलं. मी त्यांच्या हाताखाली चार वर्षं आहे.

मी म्हटलं, युनिक्समध्ये कोणतीही गोष्ट पूर्ण नष्ट होत नाही. माझाच आवाज मला पातळ वाटला.

बापूरावांनी घसा साफ केला. म्हणाले, "साहेब, गावं तं खिडकीले लावली हायेत."

३१ मे
सकाळी सातपासून. मी स्टुलावर. सलीमा खाली, पाठकोऱ्या कागदांचं बाड घेऊन. बापूराव पातेलं आणि फडकं घेऊन. मी काचेवरून वाचतो, ती लिहिते.

अडचणी: अर्धे कागद तोंड बाहेर करून चिकटवलेले. त्यांच्यासाठी व्हरांड्यातून वाचायचं, उलट बाजूंचे आत. काही एकावर एक. बापूराव ओल्या फडक्यानं खळ भिजवतात आणि वरचा कागद लहान मुलाच्या अंगावरून झबलं काढावं तसा सोडवतात. एकही फाटला नाही. मी एक ओढला, तो फाटला. त्यानंतर मला फक्त वाचायचं काम.

व्हरांड्यात माणसं जमली. आम्ही खिडकीला तोंड लावून गावांची नावं ओरडत होतो. एक म्हातारा म्हणाला, "रेशनची यादी लागली का जी?"

संध्याकाळपर्यंत दोनशे अठरा.

१ जून
तीनशे पंचाहत्तर. खोलीत आता ऊन. कूलर पुरत नाही. मशीनवर चादर घातली आहे.

२ जून
उरली सदतीस. ती कूलरच्या खिडकीत होती. ओलाव्यानं नुसता पिवळा लगदा झाला आहे, शाई हिरवी पसरली आहे. सलीमानं बाकीच्या गावांशी ताडून पाहिलं. सदतीसच्या सदतीस भामरागडच्या पलीकडची. बरोबर तीच.

साहेबांनी मला आत बोलावलं. वाटलं, आता मेमो येणार. त्यांनी पाणी दिलं. म्हणाले, "भैसारे, तुमी जीपसोबत भामरागडले जा. तिथी आमच्या सिस्टर हायेत, अंजनाबाई. त्यायले इचारून गावं लिहून घ्या, औषधं तिथीच वाटून द्या. पेन्सिल न्या." मग थोडं थांबून म्हणाले, "मशीन नोका नेऊ."

विनोद केला असावा.

ही एक प्रकारची फील्ड पोस्टिंग आहे. आकडे जिथे जन्मतात तिथे सांख्यिकीच्या माणसानं गेलंच पाहिजे, असं माझं पहिल्यापासूनचं मत आहे. कांतानं चटणी, दोन टॉवेल आणि मच्छरदाणी दिली. तिनं काही विचारलं नाही, म्हणून मीच सगळं सांगितलं. खिडकीपर्यंत आलो तेव्हा ती हसली. साहेबांच्या मावशीपर्यंत आलो तेव्हा थांबली. म्हणाली, "जाऊन या. आन् नीट इचारून लिहा. आपल्या मनानं नोका लिहू."

संकल्प: आपल्या मनानं लिहायचं नाही.

६ जून, भामरागड
काल पोचलो. कमरेचे सगळे सांधे सुटे झाले आहेत. अंजनाबाई पन्नाशीच्या, बारीक, पायात रबरी बूट. त्यांना आधी पार्श्वभूमी द्यावी म्हणून युनिक्स समजावायला घेतलं. रूट, खाती, परवानग्या. पाऊण तास. त्यांनी मधल्या वेळात अठरा जणांना सुया दिल्या. मग म्हणाल्या, "झालं का भाऊ? लिहा आता."

आणि सदतीस गावं तोंडपाठ सांगितली. कुठे किती घरं, कुठे गेल्या साली किती जण तापले, कुठल्या घरात बाळंतीण आहे, डोंगा कोणाचा आणि तो माणूस किती वाजता शुद्धीवर असतो. सगळं एका दमात, सुईची नळी उकळता उकळता. चुकलं की मध्येच थांबून दुरुस्त केलं. मी विचारलं, हे तुम्ही ठेवता कुठे? त्यांना प्रश्नच कळला नाही.

एक तास दहा मिनिटांत यादी पूर्ण. मी फक्त लिहिलं.

११ जून
औषधं पोचवतो आहोत. आज तीन गावं. पहिल्यांदा डोंग्यात बसलो. डोंगेवाला कोलू, साठीचा माडिया आदिवासी. मराठी जेमतेम, पण हसणं भरपूर. मी मध्येच उभा राहिलो म्हणून तो ओरडला. बसलो. पेटी कोरडी राहिली, मी नाही.

सदतीसपैकी एकोणतीस गावं झाली.

१७ जून
शेवटचं गाव संध्याकाळी चारला झालं. सदतीस. अंजनाबाईंनी वहीत खूण केली आणि पहिल्यांदा मला चहा दिला. त्यांच्या हातची खूण इतकी लहान होती की यावर काहीतरी मोठं बोलावंसं वाटलं. चहा प्यायलो.

जीप परवाच परत गेली, डिझेल आणायला. उद्या येईल.

१८ जून
रात्रभर पाऊस. पर्लकोटा पुलावरून गेली. जीप पलीकडे, मी अलीकडे.

ठीक आहे. दोन-तीन दिवसांचा प्रश्न.

२४ जून
अंजनाबाई म्हणतात, गणपतीपर्यंतचा प्रश्न.

वेळेचा सदुपयोग करायचा. संकल्प: 'दुर्गम भागात युनिक्स' असा दहा पानी अहवाल. परवा शीर्षक लिहिलं.

एक गोष्ट लिहून ठेवतो. काल एका गावातून बापलेक आले. मुलाचा ताप उतरलेला. नुसता दाखवायला आणला होता. गोळ्या त्याच, आम्ही डोंग्यातून नेलेल्या. अंजनाबाईंनी मुलाच्या कपाळाला हात लावला आणि मला म्हणाल्या, तुमीही पाहा. मी पाहिलं. थंड होतं. त्या दिवशी अहवाल पुढे गेला नाही.

२७ जून, सोमवार
पोलीस कँपातून बोलावणं आलं. गडचिरोलीहून वायरलेसवर माझ्या नावाचा निरोप. रस्ता बंद झाला की प्रकल्पाचे निरोप असेच येतात. कँपासमोर बाजार भरलेला, शे-दीडशे माणसं. वायरलेसवर शिपाई रफीक, बल्लारपूरचा. आवाज खरखरतो, म्हणून प्रत्येक वाक्य तो ऐकून मोठ्यानं पुन्हा म्हणतो.

पहिलं वाक्य: "सदतीस गावांची यादी डाकेनं मिळाली. साहेब खूश आहेत." बाजारानं माझ्याकडे पाहिलं. मी छाती पुढे केली.

दुसरं: "सलीमा मॅडमनं पुस्तक वाचून मशीनवर ते नवीन परत बसवलं. डॉस पण ठेवलं. सर्व गावं टाकली. सर्व चालू आहे." आठ दिवसांत केलं म्हणे. नागपूरहून जुनं टर्मिनल मागवलं, आता एकाच वेळी दोघांना काम करता येतं.

माझ्या कल्पनेचाच विजय आहे. अंमलबजावणी कोण करतो हे गौण.

तिसरं वाक्य माझं खातं उघडल्याबद्दल होतं. गावांची यादी माझ्यासाठी खुली आहे, बदल मात्र करता येणार नाही, असं सलीमाला म्हणायचं असणार. पण खरखरीत मधले शब्द गळले असावेत, कारण रफीकनं आख्ख्या बाजाराला ऐकू जाईल असं म्हटलं:

"गुणवंतराव भैसारे यांना वाचता येईल! लिहिता येणार नाई! ओव्हर!"

एका बाईनं कपाळाला हात लावला.

रफीकनं हेडफोन काढला, जवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "भाऊ, शरमिंदा नाई व्हायचं. माझे अब्बा पण अंगठाच लावत होते. शाळेत संध्याकाळी पाचला प्रौढ शिक्षणाचा वर्ग असते. मी गुलाब मास्तरले सांगून ठेवतो."

मी बी. कॉम. आहे, असं म्हणणार होतो. ते तेवढ्या मोठ्यानं म्हणायला वायरलेस पाहिजे होता.

२८ जून
वर्गाची पाहणी करायला गेलो. सरकारी योजना कशी राबवतात ते अहवालात उपयोगी पडेल.

चौदा माणसं, एक फळा. गुलाब मास्तरांना सगळं आधीच कळलेलं. "या भाऊ, घाई नाई, उशीर झाला असं काही नसते," म्हणाले आणि हातात पाटी दिली. खुलासा करणार, तेवढ्यात मागच्या चटईवरून कोणीतरी सरकून जागा केली. कोलू. डोंगेवाला. मला पाहून इतका आनंदला की विचारू नका. शेजारचा म्हणाला, वर्गात सगळ्यात मागे तोच आहे, दोन महिने झाले, कोणी त्याच्या मागे नव्हतं. आज आलं.

मी त्याच्या शेजारी चटईवर बसलो.

मास्तरांनी फळ्यावर 'ग' काढला. कोलूनं आपली पेन्सिल मोडून अर्धी मला दिली. मी 'ग' काढला. त्यानं पाहिला, मान हलवली, ओल्या बोटानं पुसला आणि माझा हात धरून पुन्हा काढून घेतला. त्याचा हात वल्हं धरून खरखरीत झालेला. आधी गोल, मग दांडा. दांडा सरळ यायला पाहिजे, हे त्यानं डोळ्यांनी समजावलं.

तासाच्या शेवटी मास्तरांनी पाट्या तपासल्या. कोलूला दहापैकी आठ.

मला सात.